रिपोर्टमधलं कोलेस्टेरॉल नेमकं 'पॅक' कोण करतं? दोन एन्झाइम्स आणि फसलेल्या औषधांची गोष्ट

सकाळी रिकाम्या पोटी रक्त दिलं आणि संध्याकाळी मोबाइलवर लिपिड प्रोफाइलची पीडीएफ आली. टोटल कोलेस्टेरॉल २१०, एलडीएल १३५, एचडीएल ३८. एचडीएलच्या आकड्यापुढे खाली तोंड केलेला बाण. पीडीएफ फॅमिली ग्रुपवर पडली की पाच मिनिटांत कुणीतरी एक रील पाठवतं: 'चांगलं कोलेस्टेरॉल वाढवा, हार्ट अटॅक विसरा.'

हे चित्र आता घरोघरी दिसतं. पण त्या रिपोर्टमागे एक गंमत आहे, जी पीडीएफमध्ये कुठेच लिहिलेली नसते.

टोटल कोलेस्टेरॉल मोजताना लॅबमधलं मशीन आधी एक वेगळंच काम करतं. रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल एका फॅटी अ‍ॅसिडला चिकटलेलं असतं. लॅबच्या द्रावणातलं एक एन्झाइम ही जोडी आधी फोडतं. मग दुसरं एन्झाइम सुट्या झालेल्या कोलेस्टेरॉलवर काम करतं आणि शेवटी नमुन्याला गुलाबी रंग येतो. रंग जितका गडद, तितका आकडा मोठा. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीवरच आजच्या बहुतेक लॅब चालतात.

म्हणजे शरीराने मेहनतीने पॅक केलेलं कोलेस्टेरॉल लॅब आधी उघडते आणि मग सगळं एकत्र मोजते. आपल्या हातात येतो तो फक्त एकूण आकडा. किती पॅक होतं, किती सुटं होतं, हे त्यात दिसत नाही.

सर्वसाधारण निरोगी माणसाच्या रक्तातलं सुमारे ७० टक्के कोलेस्टेरॉल असं पॅक केलेलं असतं. हे पॅकिंग कोण करतं, कशासाठी करतं आणि त्यात ढवळाढवळ केली की काय होतं, हे समजून घेतलं तर 'चांगलं' आणि 'वाईट' कोलेस्टेरॉलची रीलवरची गोष्ट इतकी सरळ का नाही, हेही कळतं.

पॅकिंगची गरजच काय?

मिसळीची प्लेट आठवा. कितीही ढवळली तरी तर्री वर येतेच. तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत.

शरीरापुढे नेमकी हीच अडचण आहे. रक्ताचा मोठा भाग पाण्याचा आणि कोलेस्टेरॉल स्निग्ध पदार्थांच्या कुळातलं. ते तसंच रक्तात सोडलं तर वाहून नेता येणार नाही. म्हणून शरीर ते बारीक गोळ्यांमधून पाठवतं. या गोळ्यांना लिपोप्रोटीन म्हणतात. एलडीएल आणि एचडीएल ही अशाच गोळ्यांची नावं. ती कोलेस्टेरॉलचे दोन प्रकार नाहीत. दोन्हींच्या आत असलेलं कोलेस्टेरॉल अगदी एकच असतं, वाहन तेवढं वेगळं.

आता कोलेस्टेरॉलच्या रेणूकडे बघू. त्यात कार्बनचे २७ अणू असतात आणि जवळपास सगळा रेणू पाण्यापासून लांब पळणारा असतो. अपवाद फक्त एका टोकाचा. तिथे ऑक्सिजन आणि हायड्रोजनची एक छोटी जोडी असते आणि तिला पाणी चालतं. या एका टोकामुळे सुटं कोलेस्टेरॉल गोळ्याच्या पृष्ठभागावर बसतं. टोक बाहेर पाण्याकडे, बाकीचं अंग आत. पेशीच्या आवरणातही ते असंच बसतं आणि आवरणाला घट्टपणा देतं.

पण पृष्ठभागावर जागा ती किती? एसटीच्या टपावर किती सामान ठेवणार?

इथे पॅकिंग कामाला येतं. पाणी चालणाऱ्या त्या टोकाला एक फॅटी अ‍ॅसिड जोडलं की ते टोक झाकलं जातं आणि रेणू पूर्णपणे तेलकट होतो. आता तो पृष्ठभागावर थांबत नाही, सरळ गोळ्याच्या पोटात जातो. या जोडणीला रसायनशास्त्रात एस्टरिफिकेशन म्हणतात आणि तयार होणाऱ्या पदार्थाला कोलेस्टेरॉल एस्टर. पोटात जागा भरपूर असते. एलडीएलच्या एकाच कणाच्या आत असे साधारण १५०० रेणू मावतात.

हे काम शरीरात मुख्यतः दोन प्रकारची एन्झाइम्स करतात. एक रक्तात, दुसरं पेशींच्या आत.

रक्तातला कामगार: एलकॅट

१९३५ साली अमेरिकेतले संशोधक वॉरन स्पेरी यांना एक गोष्ट लक्षात आली. रक्ताचा वरचा पिवळसर द्रव शरीराच्या तापमानाला ठेवून दिला, तर त्यातलं सुटं कोलेस्टेरॉल हळूहळू कमी होत जातं आणि एस्टर वाढतात. तोच द्रव आधी तापवला तर काहीच होत नाही. तापवल्यावर काम बंद पडतं, म्हणजे मागे एखादं एन्झाइम असणार, हे उघड होतं.

ते एन्झाइम नेमकं काय करतं, याचा उलगडा १९६२ मध्ये जॉन ग्लॉमसेट यांनी केला. त्याचं पूर्ण नाव लेसिथिन कोलेस्टेरॉल अ‍ॅसिलट्रान्सफरेज. बोलताना म्हणायचं एलकॅट.

यातला लेसिथिन हा शब्द तसा ओळखीचा आहे. चॉकलेट किंवा बिस्किटाच्या रॅपरवर 'इमल्सिफायर ३२२' लिहिलेलं असतं, ते हेच. तेल आणि पाणी यांना एकत्र धरून ठेवण्याचं काम ते करतं. आपल्या रक्तातल्या गोळ्यांच्या पृष्ठभागावरही लेसिथिन असतं. एलकॅट लेसिथिनमधलं एक फॅटी अ‍ॅसिड काढतं आणि शेजारच्या कोलेस्टेरॉलला लावतं. एकाची टोपी काढून दुसऱ्याच्या डोक्यावर घालावी, तसं.

एलकॅट यकृतात तयार होतं, पण काम करतं रक्तात, मुख्यतः एचडीएलवर बसून. तिथलं एक प्रथिन त्याला चालना देतं. नुकतंच तयार झालेलं एचडीएल गोल नसतं, ते चपट्या चकतीसारखं असतं. पेशींकडून ते सुटं कोलेस्टेरॉल उचलतं, एलकॅट ते पॅक करून आत ढकलतं आणि चकती फुगून गोल होते. पृष्ठभागावरची जागा पुन्हा मोकळी होते, म्हणजे आणखी कोलेस्टेरॉल उचलता येतं.

यावरूनच ग्लॉमसेट यांनी १९६८ मध्ये एक कल्पना मांडली. शरीराच्या कानाकोपऱ्यातलं जास्तीचं कोलेस्टेरॉल एचडीएल गोळा करतं आणि यकृताकडे परत नेतं. तिथून ते पित्तावाटे बाहेर पडतं. 'एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल' या समजाला शास्त्रीय आधार मिळाला तो या कल्पनेतून. पुढे लोकसंख्येच्या मोठ्या पाहण्यांमध्येही दिसलं की ज्यांचं एचडीएल जास्त, त्यांना हृदयविकार कमी. गोष्ट जुळून आली होती.

एलकॅटच नसेल तर?

ग्लॉमसेट यांची ही कल्पना येण्याच्या सुमारास नॉर्वेतल्या डॉक्टरांसमोर एक कोडं आलं. तिशीतल्या एका महिलेला किडनीच्या तक्रारीमुळे ऑस्लोच्या रुग्णालयात दाखल केलं होतं. लघवीतून प्रथिनं जात होती, रक्त कमी होतं आणि डोळ्यांच्या पारदर्शक पडद्यावर धुरकट थर दिसत होता. रक्त तपासलं, तर जवळपास सगळं कोलेस्टेरॉल सुटं. पॅकिंग झालेलंच नव्हतं. तिच्या दोन बहिणींमध्येही तेच सापडलं.

कारे नोरुम आणि एगिल जोने या डॉक्टरांनी १९६७ मध्ये हा आजार जगासमोर मांडला. या बहिणींच्या रक्तात एलकॅट काम करत नव्हतं. आई आणि वडील अशा दोघांकडूनही बिघडलेलं जनुक आलं, तरच हा आजार होतो. तो अत्यंत दुर्मिळ आहे.

एलकॅट नसलं की सुटं कोलेस्टेरॉल आणि लेसिथिन रक्तात साचतं आणि त्यांचे विचित्र आकाराचे कण बनतात. ते किडनीच्या गाळणीत अडकतात. लाल पेशींच्या आवरणातही जास्तीचं कोलेस्टेरॉल शिरतं, त्यामुळे त्या लवकर फुटतात आणि अ‍ॅनिमिया होतो. अनेक रुग्णांच्या किडन्या मध्यम वयात निकामी होतात. किडनी बदलली तरी मूळ बिघाड रक्तात असतोच, त्यामुळे नव्या किडनीतही तोच कचरा साचू लागतो.

याच जनुकातल्या काही बिघाडांमध्ये एलकॅटचं काम अर्धवट चालू राहतं. अशा लोकांच्या किडन्या शाबूत राहतात, पण डोळे धुरकट होतात. स्वीडनमधल्या एका कुटुंबात हा प्रकार सापडला आणि १९७९ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. रुग्णांचे डोळे उकडलेल्या माशासारखे दिसतात, म्हणून नाव पडलं 'फिश आय डिसीज'.

या दोन्ही आजारांत एक गोष्ट मात्र अपेक्षेप्रमाणे घडली नाही. एलकॅट नसल्यामुळे एचडीएल भरत नाही आणि या रुग्णांचा एचडीएलचा आकडा अगदी तळाला जातो. 'एचडीएल कमी म्हणजे हार्ट अटॅक' हा नियम इतका सरळ असता, तर यातल्या जवळपास सगळ्यांना ऐन तारुण्यात झटका यायला हवा होता. तसं दिसलं नाही. काहींना हृदयविकार झाला, अनेकांना झाला नाही. एलकॅट पूर्ण बंद असलेल्या रुग्णांचा खरा शत्रू किडनीचा आजार निघाला.

पेशीच्या आतला कामगार: एकॅट

दुसरं एन्झाइम पेशीच्या आत काम करतं. त्याचं नाव एकॅट. ते लेसिथिनला हात लावत नाही. पेशीत आधीच तयार ठेवलेलं फॅटी अ‍ॅसिड घेतं आणि कोलेस्टेरॉलला जोडतं.

पेशीला सुटं कोलेस्टेरॉल लागतं, पण मोजकंच. जास्त झालं तर पेशीच्या आतले नाजूक पडदे ताठ होतात, कामं बिघडतात आणि पेशी मरूही शकते. म्हणून जास्तीचा माल एकॅट पॅक करतं आणि त्याचे तेलकट थेंब करून ठेवतं. घरात जास्तीची भांडी फडक्यात बांधून माळ्यावर टाकतात, तसंच. लागलं की खाली काढायचं.

ही व्यवस्था किती हुशार आहे, हे मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांच्या कामातून कळलं. या जोडीला १९८५ मध्ये नोबेल मिळालं. त्यांनी दाखवलं की पेशी एलडीएलचा कण आत ओढते आणि त्यातलं पॅक कोलेस्टेरॉल उघडते. मग तीन गोष्टी होतात. पेशी स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवणं कमी करते, बाहेरून आणखी एलडीएल घेण्याची दारं कमी करते आणि उरलेला माल माळ्यावर टाकायला एकॅटला जोर देते.

एकॅटचे दोन प्रकार आहेत. पहिला जवळपास सगळ्या पेशींमध्ये असतो. अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोलसारखी हार्मोन्स कोलेस्टेरॉलपासूनच बनवतात, त्यामुळे त्यांचा माळा कायम भरलेला असतो. दुसरा प्रकार मुख्यतः आतडं आणि यकृतात सापडतो.

अंडं खाल्ल्यावर काय होतं, ते पाहिलं की या दुसऱ्या प्रकाराचं काम कळतं. अन्नातून आलेलं पॅक कोलेस्टेरॉल स्वादुपिंडातल्या रसाने आधी उघडलं जातं, कारण आतड्याच्या पेशीत फक्त सुटं कोलेस्टेरॉलच शिरू शकतं. आत शिरलं की एकॅट ते पुन्हा पॅक करतं आणि ते मोठ्या गोळ्यांमध्ये भरून पुढे पाठवलं जातं. उघडा, आत घ्या, पुन्हा बांधा. शरीरात कोलेस्टेरॉलचा प्रवास म्हणजे हीच बांधाबांध आणि सोडवासोडव.

सोडवणारं एन्झाइम बिघडलं तरी संकट येतं. १९५६ मध्ये इस्रायली डॉक्टर मोशे वोल्मन यांनी ज्याचं वर्णन केलं, त्या आजारात पेशीतलं पॅक कोलेस्टेरॉल उघडतच नाही. तान्ह्या बाळांच्या यकृतात आणि इतर अवयवांत ते साचत जातं. उपचार नसताना ही बाळं बहुधा पहिला वाढदिवसही पाहू शकत नसत. या एन्झाइमची कमतरता भरून काढणारं औषध २०१५ मध्ये मंजूर झालं.

पॅकिंग थांबवून पाहिलं, तेव्हा काय झालं?

हृदयाच्या धमन्यांत जी चरबीची गाठ तयार होते, तिच्यात एक खास प्रकारच्या पेशी असतात. मॅक्रोफेज, म्हणजे शरीराच्या सफाई कामगार पेशी. धमनीच्या भिंतीत अडकलेलं एलडीएल त्या खात सुटतात. एकॅट ते पॅक करत जातं आणि पेशी तेलाच्या थेंबांनी इतकी भरते की सूक्ष्मदर्शकाखाली फेसासारखी दिसते. म्हणून या पेशींना 'फोम सेल' म्हणतात.

मग संशोधकांनी सरळ विचार केला. एकॅटच बंद पाडलं तर थेंब बनणार नाहीत, फोम सेल होणार नाहीत आणि गाठ वाढणार नाही.

कागदावर हे पटण्यासारखं होतं. औषधंही तयार झाली. अवासिमाइब नावाच्या औषधाच्या चाचणीचे निष्कर्ष २००४ मध्ये आले, फायदा दिसला नाही. मग आलं पॅक्टिमाइब. ४०८ रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. गाठ कमी झाली नाहीच, काही मोजमापांत तर औषध घेणाऱ्यांची स्थिती वाईट निघाली. आनुवंशिक कारणाने कोलेस्टेरॉल जास्त असलेल्या रुग्णांवरची दुसरी चाचणी मध्येच थांबवण्यात आली. त्यात हृदयविकाराने मृत्यू, हार्ट अटॅक आणि स्ट्रोक मिळून प्रमाण औषध घेणाऱ्यांत २.३ टक्के होतं आणि न घेणाऱ्यांत ०.२ टक्के.

असं का व्हावं? एक उत्तर उंदरांच्या प्रयोगातून आधीच मिळालं होतं. २००१ मध्ये संशोधकांनी मॅक्रोफेजमधलं एकॅट नसलेले उंदीर तपासले. त्यांच्या धमन्यांतल्या गाठी कमी होण्याऐवजी वाढल्या होत्या. माळा बंद केला म्हणून घरातलं सामान कमी होत नाही, ते चालायच्या वाटेत पडतं. सुटं कोलेस्टेरॉल पेशीत साचलं, पेशी मेल्या आणि त्यांचा कचरा गाठीतच जमा झाला.

पॅकिंग हा आजार नव्हताच. आलेल्या पुरापासून जीव वाचवण्याची ती पेशीची धडपड होती.

एचडीएल ७२ टक्के वाढलं, तरीही...

या गोष्टीतलं तिसरं पात्र आहे सीईटीपी. हे प्रथिन पॅकिंग करत नाही, पार्सलची अदलाबदल करतं. एलकॅटने एचडीएलमध्ये भरलेलं पॅक कोलेस्टेरॉल ते एलडीएलसारख्या कणांना देतं आणि बदल्यात ट्रायग्लिसराइड घेतं. म्हणजे 'चांगल्या' गोळीत भरलेला माल बऱ्याचदा 'वाईट' गोळीतून फिरतो. चांगलं आणि वाईट यांच्यातली भिंत किती पातळ आहे, ते इथे दिसतं.

सीईटीपी अडवलं की माल एचडीएलमध्येच राहतो आणि एचडीएलचा आकडा उडी मारतो. फायझर कंपनीने यावर टोरसेट्रापिब हे औषध आणलं. १५ हजारांहून अधिक रुग्णांवर चाचणी झाली. आकडे डोळे दिपवणारे होते. एचडीएल ७२ टक्क्यांनी वाढलं, एलडीएल सुमारे २५ टक्क्यांनी उतरलं. कुठल्याही लिपिड प्रोफाइलवर हे आकडे दिसले असते, तर ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला असता.

डिसेंबर २००६ मध्ये कंपनीने चाचणी अचानक थांबवली. औषध घेणाऱ्या गटात जास्त लोक मरत होते. अंतिम हिशोबात औषधाच्या गटात ९३ मृत्यू होते, दुसऱ्या गटात ५९. पुढे कळलं की या औषधाने रक्तदाब वाढत होता आणि अल्डोस्टेरॉन हे हार्मोनही. म्हणजे दोष काही अंशी त्या रेणूचा होता.

मग इतर कंपन्यांनी हे दोष नसलेली औषधं आणली. डाल्सेट्रापिबची चाचणी २०१२ मध्ये थांबली, इव्हासेट्रापिबची २०१५ मध्ये. दोन्ही वेळा एचडीएल वाढलं, फायदा झाला नाही. अ‍ॅनासेट्रापिबच्या चाचणीत ३० हजारांवर रुग्ण होते. २०१७ मध्ये निकाल आला, त्यात हृदयाच्या घटना ९ टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या. पण हिशोब केल्यावर लक्षात आलं की एलडीएलसारख्या कणांतलं कोलेस्टेरॉल जितकं उतरलं, त्यावरून एवढा फायदा अपेक्षितच होता. दुपटीहून अधिक वाढलेल्या एचडीएलने वेगळी भर घातल्याचं दिसलं नाही. कंपनीने ते औषध बाजारात आणलं नाही.

एलकॅट बाहेरून टोचून देण्याचाही प्रयोग झाला. हार्ट अटॅक आलेल्या रुग्णांना प्रयोगशाळेत बनवलेलं एलकॅट देण्यात आलं. एचडीएल वाढलं, पण हृदयाच्या स्नायूचं नुकसान कमी झालं नाही.

मग एचडीएलचा आकडा बिनकामाचा आहे का?

नाही. एचडीएल कमी असणं ही अजूनही धोक्याची खूण आहे. पोट सुटलेलं असणं, मधुमेह, धूम्रपान, ट्रायग्लिसराइड वाढलेलं असणं, या सगळ्यांसोबत एचडीएल कमी झालेलं दिसतं. पण खूण आणि कारण यांत फरक असतो. दारात चपला दिसल्या की घरात पाहुणे आलेत हे कळतं. चपला उचलून बाहेर ठेवल्या म्हणून पाहुणे जात नाहीत.

जनुकांच्या अभ्यासातूनही हेच पुढे आलं. जन्मतःच एचडीएल थोडं जास्त ठेवणारा एक जनुकीय बदल काही लोकांमध्ये असतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात या लोकांना हार्ट अटॅकपासून जादा संरक्षण मिळाल्याचं दिसलं नाही. २०१७ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधनात तर अतिशय जास्त एचडीएल असलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण वाढलेलं आढळलं.

एचडीएल किती आहे, यापेक्षा ते काम किती करतं, म्हणजे पेशींकडून किती कोलेस्टेरॉल उचलतं, याकडे आता संशोधकांचं लक्ष आहे. रिपोर्टमधला आकडा म्हणजे रस्त्यावरच्या ट्रकांत भरलेल्या मालाची बेरीज. ट्रक चालू आहेत की ट्रॅफिकमध्ये अडकलेत, हे त्यावरून कळत नाही.

मग खरोखर उपयोगी काय पडलं?

ज्या औषधांनी जीव वाचवले, त्यांनी पॅकिंगला हात लावला नाही. त्यांनी मालाची आवक कमी केली किंवा एलडीएल रक्तातून लवकर उचललं जाईल अशी सोय केली.

जपानचे अकिरा एंडो यांनी बुरशीतून शोधलेल्या पहिल्या स्टॅटिनबद्दल १९७६ मध्ये लिहिलं. १९८७ मध्ये लोवास्टॅटिन हे पहिलं स्टॅटिन अमेरिकेत मंजूर झालं. स्टॅटिनमुळे यकृतात कोलेस्टेरॉल कमी बनतं. ते मिळवायला यकृत एलडीएल आत घेण्याची दारं वाढवतं आणि रक्तातलं एलडीएल उचललं जातं. अनेक चाचण्यांचा एकत्रित हिशोब सांगतो की एलडीएल साधारण ३९ अंकांनी उतरलं, तर हार्ट अटॅक आणि स्ट्रोकसारख्या मोठ्या घटना सुमारे एक पंचमांशाने कमी होतात. इझेटिमाइब हे औषध आतड्याच्या दारातच सुटं कोलेस्टेरॉल अडवतं. एकॅटपर्यंत माल पोहोचतच नाही, तर पॅक काय करणार?

फरक बारीक वाटतो, पण निर्णायक आहे. पूर आलेला असताना घरातला माळा बंद करणं वेगळं आणि धरणाचं पाणी कमी सोडणं वेगळं.

एकॅटवरचं संशोधन मात्र संपलेलं नाही. २०२० मध्ये या एन्झाइमची त्रिमितीय रचना प्रसिद्ध झाली. काही कर्करोगांच्या पेशी पॅक कोलेस्टेरॉलचा मोठा साठा करतात, म्हणून तिथे एकॅट अडवून काय होतं, हे तपासलं जातंय. हृदयासाठी फसलेली कल्पना दुसऱ्या आजारात उपयोगी पडेल का, याचं उत्तर चाचण्याच देतील.

तोवर तुमच्या रिपोर्टचं काय?

पहिली गोष्ट, बाण एचडीएलपुढे असला तरी नजर आधी एलडीएलवर जाऊ द्या. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ मध्ये आपली मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यानुसार कमी धोका असलेल्यांनी एलडीएल १०० च्या खाली ठेवावं. मधुमेह किंवा उच्च रक्तदाबासारखी कारणं असलेल्या जास्त धोक्याच्या लोकांनी ७० च्या खाली आणि हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांसारख्या अतिधोक्याच्या लोकांनी ५५ च्या खाली. म्हणजे एकच १३५ हा आकडा पंचविशीतल्या निरोगी मुलीसाठी वेगळा आणि बायपास झालेल्या तिच्या वडिलांसाठी वेगळा.

दुसरी गोष्ट, टोटल कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. वरच्या रिपोर्टमध्ये २१० वजा ३८, म्हणजे १७२. याला नॉन-एचडीएल म्हणतात. धमनीत गाठ करू शकणाऱ्या सगळ्या कणांतलं कोलेस्टेरॉल त्यात येतं. कमी धोक्याच्या लोकांसाठी ते १३० च्या खाली असावं असं याच तत्त्वांत म्हटलंय. हा हिशोब करायला वेगळी तपासणी लागत नाही.

तिसरी गोष्ट, चालणं, व्यायाम, सिगारेट सोडणं, वजन उतरवणं यांनी एचडीएल थोडं वाढतंही. पण फायदा त्या आकड्यामुळे होत नाही. रक्तदाब, साखर, ट्रायग्लिसराइड या सगळ्यांवर एकदम परिणाम होतो, म्हणून होतो. एचडीएल फारसं हललं नाही म्हणून चालणं सोडण्याचं कारण नाही.

आणि शेवटची गोष्ट रीलबद्दल. 'एचडीएल वाढवणारा हा एक पदार्थ खा, गोळ्या बंद करा' असं कुणी सांगत असेल, तर त्या १५ हजार रुग्णांची चाचणी आठवा. त्यांच्या रक्तात एचडीएल ७२ टक्क्यांनी वाढलं होतं, तेही जगातल्या एका बलाढ्य औषध कंपनीच्या देखरेखीखाली. गोळी चालू ठेवायची की नाही, हे ठरवायला रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा. जाताना सोबत घरातल्यांचा इतिहास, रक्तदाब आणि साखरेचे आकडेही न्या. कोलेस्टेरॉलचा आकडा एकटा पुरेसा नाही.